ओर्सोलाच्या घशातली चकती

आमच्या गावात व्हॉल्व्हचं बारसं होतं. हसू नका, खरंच होतं. क्रेवोलागोत पूर्वी चर्चच्या घंटा ओतायचे. घंटेला नाव असतं, तिला धर्ममाता असते, पाद्री येऊन तिच्यावर पाणी शिंपडतो. पुढे चर्चं होती तेवढी घंटांनी भरली, आणि त्याच भट्ट्यांत त्याच घराण्यांनी नळ आणि व्हॉल्व्ह ओतायला घेतले. माल बदलला, सवय राहिली. नवा नमुना पहिल्यांदा ओतला की मालकांच्या घरातली एखादी बाई धर्ममाता व्हायची, तिचं नाव नमुन्याला मिळायचं, आणि ती त्याच्या एका तोंडातून बाटलीभर लाल वाइन ओतायची. दुसऱ्या तोंडाखाली वाडगा धरलेला. वाइन आत घुटमळत, गुडगुड आवाज करत, थांबत थांबत बाहेर यायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. म्हातारे म्हणायचे, पोरगी बोलली! जितकी गुडगुड जास्त तितका नमुना नशीबवान.

म्हणजे पिढ्यानपिढ्या आम्ही टाळ्या वाजवत होतो त्या दोषाला. वाइन गुडगुडते, कारण आतली वाट वाकडी असते. हे आम्हाला फेर्मो झानेत्ताने सांगितलं. त्याबद्दल त्याला काय मिळालं ते सांगायला मी बसले आहे, आणि आधीच सांगते, मला त्याचा राग येतो. त्याचाही येतो आणि आमचाही.

मी लोरेदाना. देगास्पारिसांच्या कारखान्यात विक्रीच्या टेबलावर माझा जन्म गेला. कॅटलॉग मी लिहायची, गिऱ्हाइकांच्या शिव्या मी ऐकायची. फेर्मोचं टेबल माझ्या बरोब्बर समोर. उंच, किंचित वाकलेला, दाराला खांदा लागला तर दाराची माफी मागणारा माणूस. दुपारी डब्यातून पोलेंताच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट पिठल्याच्या, थंड वड्या काढायचा, त्यावर तोमा चीजचा तुकडा, आणि पहिला घास घेण्याआधी मला विचारायचा, "लोरे, घेतेस?" मी कधीच घेतलं नाही, त्याने विचारणं कधीच सोडलं नाही.

त्याची आई जेर्माना आमच्याच फौंड्रीत कोअरच्या खोलीत होती. व्हॉल्व्ह आतून पोकळ असतो. ती पोकळी यावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, तो कोअर. धातू त्याच्याभोवती ओततात, थंड झाल्यावर वाळू हातोडीने ठोकून बाहेर काढतात. ते गाभे करायचं काम बायकांचं. जेर्मानाने आयुष्यभर गाभे केले आणि तिच्या डोळ्यांदेखत ते फोडले गेले. फेर्मो म्हणायचा, "आईने जे केलं ते कोणालाच दिसलं नाही. जिथून पाणी जातं तेवढीच तिची कमाई." तोही तेच करत होता. बाहेरचा आकार, रंग, मालकांच्या नावाची उठावाची अक्षरं, हे सगळं दुसऱ्यांचं. आतली वाट फेर्मोची.

संगणकावर पाणी वाहवायची ती महागडी प्रणाली मालकांनी घेतली ती काही पाण्याच्या प्रेमाने नाही. तळ्यापलीकडच्या कारखान्याने घेतली होती, म्हणून घेतली. लिरा जाऊन युरो आला, त्या सुमाराची गोष्ट. मालकांना आम्ही सगळे मोन्सू म्हणायचो, त्यांच्या वडिलांनाही मोन्सूच म्हणायचो. मोन्सूंनी फेर्मोला शिकायला तोरिनोला पाठवलं. तो परत आला तेव्हा पहिल्यांदा मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, ह्याला काहीतरी हवंय.

काय हवंय ते लवकरच कळलं. आमचा सगळ्यात खपाचा नमुना होता तेरेझा, मोन्सूंच्या आजीच्या नावाचा. पंपाच्या तोंडाशी बसतो, पाणी पुढे जाऊ देतो, पंप थांबला की झापड पडते आणि पाणी मागे फिरू देत नाही. सगळ्या खोऱ्यातल्या पाणीपुरवठ्यांत तेरेझा. फेर्मोने संगणकावर तेरेझाचं पोट उघडलं आणि तिच्यातून पाणी सोडलं. जिथे पाणी वेगात तिथे लाल, जिथे मंद तिथे निळं. मला हाक मारली.

"लोरे, ये, बघ. इथे पायरी चढतं, इथे झापडीवर डोकं आपटतं, वळतं, आणि ह्या कोपऱ्यात शिरलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं. वर्षानुवर्षं. कुठेच जात नाही."

"आपल्या हिशेबखात्यासारखं."

"हसू नकोस. ह्या फिरण्याला वीज लागते. ते पाणी फुकट फिरवायला पंप रात्रंदिवस राबतोय. प्रत्येक गावात."

मग तो लागला. झापडीची बैठक तिरपी केली, झापड हलकी आणि आखूड केली, घसा गोल केला, तो निळा कोपरा भरून टाकला. एक बदल करायचा, संगणकाला जुंपायचं आणि वाट बघायची. ते यंत्र एवढं तापायचं की हिवाळ्यात आम्ही सगळे कॉफी घेऊन त्याच्यापाशी हात शेकायला उभे राहायचो. कधी एक बदल चांगला निघायचा आणि दुसऱ्याला बिघडवायचा. घसा गोल केला की कोअर एका ठिकाणी बारीक होऊन साच्यात मोडायचा. फेर्मो कोअरच्या खोलीत जाऊन बायकांना आपण होऊन सॉरी म्हणायचा, परत येऊन सगळं पुन्हा मांडायचा. असं कितीतरी काळ चाललं. शेवटी एका सकाळी मी आले तर पडद्यावर कुठेही कोपऱ्यात फिरणारं निळं नव्हतं. एक सरळ, शांत पट्टा. अडथळा तेरेझाच्या निम्म्याहून कमी.

फेर्मोने खिडकी उघडली आणि थंडीत तसाच उभा राहिला. मी विचारलं, "आता?"

"आता हा कॅटलॉगमध्ये यायला हवा," तो म्हणाला. "माझं नाव नको कुठे. फक्त हा चालायला हवा, जसा इथे चालतोय तसा. एका तरी गावात."

एवढंच त्याला हवं होतं. ह्याहून कमी मागणारा माणूस मी बघितलेला नाही.

मोन्सूंनी अट घातली. शेजारच्या वेर्गाल्लो गावाचा पाणीपुरवठा नमुना बसवून बघायला तयार होता. तिथे चांगला चालला, तर तेरेझा बंद आणि हा चालू. नाही चालला, तर संगणकाचा खेळ बंद आणि फेर्मो परत पाइपांच्या जोडांची, फ्लँजची, भोकं आखायला. आणि बसवायचा कधी, तर कार्निव्हलच्या आधी. कारण कार्निव्हलला वेर्गाल्लोचे महापौर, खोऱ्यातले सगळे बडे लोक एकत्र असणार आणि मोन्सूंना मिरवायचं होतं.

तेव्हाचं बोलणं माझ्यासमोर झालं.

"मोन्सू, एकदा तिथल्या पंपाचा तक्ता बघायला हवा," फेर्मो म्हणाला. "अडथळा कमी झाला की पंप जास्त पाणी ढकलतो. जास्त ढकलला की मोटरवर भार येतो. ती मोटर जुनी आहे."

"अरे, आपण व्हॉल्व्ह विकतो का पंप?"

"व्हॉल्व्ह."

"मग पाणी जास्त आलं म्हणून कोणी शिव्या देतं का? बायकोने पोलेंता जास्त वाढला तर तू भांडतोस?"

"पण मोटर..."

"फेर्मो. तुझ्या पडद्यावर मोटर आहे?"

"नाही. पडद्यावर पाइपाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतच आहे."

"झालं तर मग. पडद्याबाहेरचं आपलं नाही."

"बरं," फेर्मो म्हणाला.

हे त्याचं "बरं"! मी तिथे टाइप करत होते, माझी बोटं थांबली. मनात म्हटलं, अरे बोल ना, टेबलावर हात तरी आपट. पण फेर्मोने आपले कागद उचलले आणि दार हळूच लावून घेतलं. मी त्याच्या मागे गेले आणि जिन्यात गाठलं.

"तू पाण्याचा अडथळा काढलास ना? त्यातला थोडा स्वतःसाठी ठेवायचा होतास. मालकाला अडवायला उपयोगी पडला असता."

तो हसला. "ओरडून काय होतं लोरे? आकडा चांगला आहे. आकडा बोलेल."

आकडा बोलत नाही, माणसं बोलतात, हे त्याला त्या वयातही कोणी शिकवलेलं नव्हतं.

बारसं झालं. धर्ममाता मोन्सूंची बायको, सिन्योरा ओर्सोला. फरचा कोट, नवे कोरे फिकट सांबरकातड्याचे बूट. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, सिन्योरांनी बाटली उलटी केली, आम्ही सगळे कान देऊन उभे. आवाजच नाही. वाइन आत शिरली आणि त्याच दमात सगळीच्या सगळी दुसरीकडून बाहेर आली, वाडग्याच्या कडेवरून थेट सिन्योरांच्या बुटांवर. कोणी टाळी वाजवली नाही. एक फेर्मो तेवढा हातावर हात ठेवून आनंदाने वाडग्याकडे बघत होता, कारण त्याने पडद्यावर जे बघितलं होतं तेच डोळ्यांसमोर झालं होतं. आणि पाहुण्यांतून वेर्गाल्लोच्या पंपघराचा राखणदार, सगळ्या गावाचा काका, बार्बा पिन मोठ्याने म्हणाला, "मुकी आहे की हो पोरगी."

सिन्योरा ओर्सोला त्याच बुटांनी गाडीत जाऊन बसल्या. तिथेच निम्मा निकाल लागला होता, असं मला आता वाटतं.

नमुन्याचं नावही ओर्सोला; ती पंपघरात बसवली. दोन दिवस उत्तम. टाकी नेहमीपेक्षा लवकर भरत होती. बार्बा पिन म्हणाला, "पंप मात्र घोड्यासारखा फुरफुरतोय." त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मग कार्निव्हलचा मंगळवार उजाडला. त्या दिवशी वेर्गाल्लोच्या चौकात चुली पेटवून मोठमोठ्या तांब्याच्या कढयांत तांदूळ आणि घेवड्याची पानिच्चा शिजते. गावातलं प्रत्येक घर भांडं घेऊन रांगेत उभं राहतं. कढयांना सारखं पाणी लागतं, घराघरांत आंघोळी, मुलांचे रंगवलेले चेहरे धुणं, वर फुलं आणि पिठाची उधळण. टाकी भराभरा उतरली. आणि टाकी जितकी रिकामी तितकं पंपाला वर ढकलणं सोपं, म्हणून तो आणखीच सुटला. मोटर तापली आणि ट्रिप झाली. बार्बा पिनने खटका वर केला. पुन्हा ट्रिप. तोही हट्टाला पेटला, खटका दाबूनच धरला. शेवटी मोटरमधून धूर निघाला.

अकराच्या सुमाराला चौकात पाणी थांबलं. घेवडा कढयांच्या बुडाला लागला. चार गावांत वास गेला असेल. कार्निव्हलचा राजा, गावचा खाटीक, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट आणि हातात लाकडी पळी घेऊन ओरडत होता, "कुणी केलं हे?" आणि गर्दीतून उत्तर आलं, "ओर्सोलाने!" मग पोरांनी त्याचं गाणंच केलं. ओर्सोलाने पाणी प्यायलं, ओर्सोलाने पाणी प्यायलं. सिन्योरा ओर्सोला महापौरांच्या शेजारी मंडपात बसल्या होत्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. मोटर कमकुवत, पंप बेहिशेबी, राखणदाराने खटका दाबून धरलेला. ह्यातलं कोणीच गुन्हेगार नाही. गुन्हेगार एकच, जिने पाण्याला वाट दिली ती.

दुसऱ्या दिवशी, उपासांचे दिवस सुरू होतात त्या राखेच्या बुधवारी, चर्चमधून कपाळावर राख लावूनच आम्ही पंपघरात जमलो. मोन्सू, पाणीपुरवठ्याचे अध्यक्ष कॉर्नाल्बा, बार्बा पिन, फेर्मो आणि मी. फेर्मो रात्रभर झोपलेला नव्हता, पण बोलायला सुरुवात त्यानेच केली.

"व्हॉल्व्हमध्ये दोष नाही. पंप त्या जुन्या अडथळ्याच्या हिशेबाने निवडलेला आहे. पंपाचं आतलं चाक काठाला बोटभर तासा. पाणी आधीएवढंच येईल, मोटर थंड राहील, आणि विजेचं बिल दहाव्या हिश्श्याने उतरेल. कायमचं."

"पंपाला हात लावायचा नाही," कॉर्नाल्बा म्हणाले. "आमच्या वडिलांनी बसवलेला पंप आहे."

"पण बिल..."

"बिल नगरपालिका भरते. पंप बंद पडला तर शिव्या मला."

"तासायला एक दिवस लागतो. मी स्वतः उभा राहतो."

"आणि तासून बिघडला तर? परत चिकटवणार आहेस?"

बार्बा पिन म्हणाला, "तेरेझा होती तोवर कधी धूर नव्हता बाबा."

मोन्सूंनी हात झटकला. "संपलं. तेरेझा परत बसवा. ही घाण काढून भट्टीत टाका. घरी माझी बायको माझ्याशी बोलत नाही."

मी फेर्मोकडे बघितलं. मला वाटलं आता "बरं" येणार. नाही आलं. त्याने ओर्सोलाच्या पाठीवर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाला, "काढू नका. पुढे एक चकती टाकू."

"कसली चकती?"

"पोलादाची. मधे भोक. पाइपाच्या जोडात बसते. तेरेझा जेवढं पाणी अडवत होती तेवढंच ती अडवेल. पंपाला फरक कळणारच नाही."

"म्हणजे व्हॉल्व्ह नवा आणि गुण जुने?" कॉर्नाल्बा खूश झाले. "हे आधीच का नाही सांगितलंस?"

"एक गोष्ट," फेर्मो म्हणाला. "पंप एक दिवस बदलावा लागेलच. त्या दिवशी चकती काढायची. चार बोल्ट आहेत."

"काढू, काढू," कॉर्नाल्बा म्हणाले.

परतताना गाडीत मी त्याला टाकून बोलले. "एवढी वर्षं घालवलीस अडथळा काढायला, आणि आता स्वतःच्या हाताने घालतोस?"

"ओर्सोला राहते ना तिथे," तो म्हणाला. "भट्टीत गेली असती तर संपलंच होतं. पंप काही अमर नाही, लोरे."

त्याने ती चकतीही त्याच संगणकावर केली. एका दुपारचं काम. पडद्यावर ओर्सोलातून तो शांत पट्टा यायचा आणि चकतीवर आपटून पुढे लाल-निळा चिखल व्हायचा. भोक थोडं मोठं, थोडं लहान, असं करत त्याने अडथळा तेरेझाच्या अडथळ्याशी अगदी जुळवला. मी समोर बसून बघत होते. माझ्याच्याने बघवेना, मी उठून कॉफी आणायला गेले. चकतीला वर एक कान ठेवला होता, पाइपाबाहेर येणारा, बोटात धरून ओढता येईल असा. काढायला सोपी जावी म्हणून. सगळ्या चकतीत तेवढाच भाग त्याने मन लावून आखला.

मोन्सूंना धंद्याचं नाक होतं, हे मान्य करायला हवं. त्यांच्या लक्षात आलं की खोऱ्यातला एकही पाणीपुरवठा पंपाला हात लावू देणार नाही. मग ओर्सोला आणि चकती असा जोडच विकायचा. नवी वस्तू म्हटल्यावर बारसं आलं. सिन्योरांनी साफ नकार दिला. मोन्सूंनी ऑफिसात इकडेतिकडे बघितलं.

"लोरे, तू हो."

"मी? मी कुठे तुमच्या घरातली?"

"चकतीच तर आहे. चालतं."

तर अशी मी धर्ममाता झाले. माझ्या हातात स्वस्तातल्या वाइनची बाटली दिली. मी ओतली. आणि काय सांगू, ती वाइन ओर्सोलातून सरळ आली, चकतीपाशी अडकली आणि अशी गुडगुडली, अशी गुडगुडली की तेरेझाही कधी गुडगुडली नसेल. अख्खी फौंड्री टाळ्या वाजवायला लागली. बार्बा पिनने टोपी काढली. "बोलली! आता बोलली!" फेर्मो मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. वाजवत होता, खरंच. मला तेव्हा ती बाटली कोणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली आणि कोणाच्या ते ठरवता येईना.

पुढच्या कॅटलॉगात मी स्वतः लिहिलं: ओर्सोला, लोरेदानासह. धडाक्याने खपली. लोक दोन पैसे जास्त देऊन जुनेच गुण नव्या नावाने घेऊन जातात, हे मी विक्रीत शिकले. पत्रांत, फोनवर, सगळीकडे "आम्हाला बारा लोरेदाना पाठवा." माझं नाव सगळ्या खोऱ्यातल्या पाइपांत अडकून बसलंय. नवऱ्याने बरीच वर्षं त्यावरून चेष्टा केली, मग त्यालाही कंटाळा आला.

फेर्मोने मात्र वाट बघायला सुरुवात केली. दर रविवारी चर्चमधला मास संपला की तो पायी वेर्गाल्लोच्या पंपघरापर्यंत जायचा, दाराला कान लावायचा. बार्बा पिन आतून ओरडायचा, "अजून मेला नाही रे! जा घरी!" फेर्मो म्हणायचा, "बेअरिंग कुरकुरतंय, बार्बा." "माझीही कुरकुरतात, मी मेलोय का?" श्रीमंत मामाच्या आजारपणाची चौकशी करणाऱ्या भाच्यासारखं त्याचं झालं होतं. त्याची बायको पिएरा म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे पत्ते खेळायला जातात, माझा पंपाला बघायला जातो."

मी त्याला खूपदा म्हटलं, कॉर्नाल्बांना जाऊन सांग, चिठ्ठी दे, आठवण करून दे की पंप बदलताना चकतीचं बघा. तो म्हणायचा, "सांगितलंय ना त्या दिवशी. सगळ्यांसमोर सांगितलंय." पंपघरात सगळ्यांच्या कपाळावर राख होती तेव्हा बोललेलं वाक्य तो धरून बसला होता. कॉर्नाल्बा निवृत्त झाले. बार्बा पिन गेला. मोन्सूही गेले. फेर्मो पेन्शनीत निघाला. त्याला निरोपाच्या दिवशी पेन दिलं आणि वाइन पाजली. फेर्मो सगळ्यांचे आभार मानत दारापर्यंत गेला आणि दाराला खांदा लागल्यावर दाराचेही मानले. त्याच्या टेबलावर आता एक तरुण मुलगी बसते. हुशार आहे. तिने ओर्सोलाचं पोट उघडून बघितलं आणि मला विचारलं, "इतकी सुंदर वाट कोणी केली? आणि पुढे ही चकती कोणत्या गाढवाने घातली?" मी म्हटलं, "दोन्ही एकाच माणसाने." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

मागच्या शरद ऋतूत तो पंप अखेर मेला. मला कळलं ते पाणीपुरवठ्याचा नवा इंजिनिअर रबरी पट्ट्या न्यायला आमच्या ऑफिसात आला तेव्हा. चांगला मुलगा, सरळ डोळ्यांचा. पट्ट्या मोजता मोजता मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नवा पंप बसला का?"

"बसला ना. मस्त बसला. अगदी मापात निवडला. मी स्वतः जाऊन पाइपावर दाब मोजला, पाणी मोजलं, त्या हिशेबाने नेमका घेतला. जराही मोठा नाही, जराही लहान नाही. आता उगाच फाजील मोटरी घेत नाही आम्ही."

"आणि चकती?"

"कसली चकती?"

"व्हॉल्व्हच्या पुढची. कान असलेली."

"हां, ती. तिच्यासकटच मोजलं. जे आहे त्याच्यावरच मोजायचं ना?" तो म्हणाला आणि पट्ट्या घेऊन गेला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. हेच मला सोसत नाही. कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी फेर्मोकडे गेले. पिएरा चुलीवर चेस्टनट भाजत होती, तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली. फेर्मो टेबलाशी बसून चाकूने चेस्टनटांना चिरा पाडत होता. वाकणं वाढलंय, गुडघ्यांमुळे बरेच रविवार पंपघरापर्यंत जाणं झालेलं नव्हतं. मला बघून त्याने ओळखलं. एवढ्या थंडीत मी उगाच डोंगर चढून येत नाही.

"मेला?"

"मेला."

त्याने चाकू खाली ठेवला. पिएराकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर तेच दिसलं, जे तोरिनोहून परत आल्यावर दिसलं होतं. मला वाटलं, खोटं बोलावं. काय बिघडणार होतं? म्हाताऱ्या माणसाला सांगावं, काढली, चार बोल्ट, आता तुझी ओर्सोला मोकळी वाहते. पण तो रविवारी कान लावायला गेला असता आणि त्याला ऐकू आलं असतं.

"चकती काढली?" त्याने विचारलं.

"नाही. चकती धरूनच पंप निवडला. नव्या पोराने स्वतः जाऊन मोजलं."

"दाब मोजला?"

"दाब, पाणी, सगळं. अगदी मापात घेतलाय म्हणाला. जराही मोठा नाही."

भाजल्याचा वास येत होता, एक चेस्टनट फटकन फुटलं. फेर्मोने चाकू पुन्हा उचलला.

"मग त्याला सांग," तो म्हणाला, "आता ती कोणी काढू नका म्हणावं. काढली तर मोटर जळेल."

"तू सांग ना त्याला. तू जा."

"तू सांग, लोरे. तुझं नाव आहे तिच्यावर."

त्याने एका चेस्टनटाला चीर पाडली, दुसऱ्याला पाडली, मग चुलीवरचं भाजलेलं एक पुढे करून मला विचारलं, "घेतेस?"

ह्या वेळी मी घेतलं. गरम होतं, माझं तोंड भाजलं. दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरला फोन करून निरोप दिला. तो म्हणाला, "बरं."